शेठ वालचंद आणि त्यांनी न पाहिलेली मोटार

शीव म्हणजे हद्द. मुंबईचे बेट जेथे संपत असे आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होत असे, तेथले हे गाव. इंग्रजांनी येथल्या टेकडीवर किल्ला बांधला तो हद्दीवर नजर ठेवण्यासाठी. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी खाडीत भर घालून रस्ता झाला आणि शीवचे कुर्ल्याशी नाते जुळले. ठाण्याकडे जाणारा जुना आग्रा रोड, म्हणजे आजचा लाल बहादुर शास्त्री मार्ग, येथूनच सुरू होतो. माझे सारे आयुष्य या रस्त्याच्या तोंडाशी गेले. लहानपणी आम्हा मुलांचा एक आवडता उद्योग असे. कुर्ल्याच्या कारखान्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, अजून नंबर न मिळालेल्या कोऱ्या करकरीत फियाट गाड्या शीवच्या सर्कलला वळसा घालून शहरात शिरत, त्या मोजत उभे राहायचे. गाडी घेण्याची ऐपत आमच्यापैकी कोणाच्याच घरी नव्हती. पण त्या गाड्या आपल्या शेजारच्या गावात तयार होतात याचा एक अकारण अभिमान मात्र आम्हां सर्वांना होता.

ती मोटार मूळची इटलीची, हे पुष्कळांना ठाऊक असते. तिचा कारखाना वालचंदांचा, हेही जुन्या मंडळींना माहीत असते. पण हे वालचंद कोण, असे आजच्या एखाद्या तरुणाला विचारून पाहावे. सांगलीला शिकलेला असेल तर तो अभियांत्रिकी महाविद्यालयाचे नाव घेईल. इंदापूरकडचा असेल तर वालचंदनगर म्हणेल. कोणाला रावळगावच्या गोळ्या आठवतील. आगबोट, विमान आणि मोटार ही तिन्ही वाहने या देशात झाली पाहिजेत असा ध्यास एकाच माणसाने घेतला होता आणि तो माणूस सोलापूरचा होता, हे मात्र फार थोड्यांना सांगता येते.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे दिगंबर जैन, मूळचे गुजरातेतले, पण सोलापूरच्या मातीत रुजलेले. वडील हिराचंद नेमचंद दोशी हे सावकारी आणि कापसाचा व्यापार करीत. धर्मसुधारणेची आस्था असलेले हे गृहस्थ जैन बोधक नावाचे मराठी मासिकही चालवीत. मुलाने पेढीवर बसावे, हिशेब पाहावेत, एवढीच घरची अपेक्षा. मुंबईच्या सेंट झेवियर्स आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही काळ शिकून वालचंद परतले खरे, पण पेढीवर त्यांचे मन रमेना. व्याजाच्या पैशात वाढ असते, घडवणे नसते. या तरुणाला काहीतरी घडवायचे होते.

संधी आली ती रेल्वेच्या रूपाने. लक्ष्मणराव बळवंत फाटक या अनुभवी गृहस्थांशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या एका छोट्या टप्प्याचे काम घेतले. फाटकांचा अनुभव आणि वालचंदांचे भांडवल व धाडस अशी ती जोडी होती. तेथून पुढे कंत्राटांची साखळीच लागली. पहिल्या महायुद्धात लष्कराच्या बराकी बांधल्या. नंतर टाटांशी भागीदारी झाली. बोरघाटातले रेल्वेचे बोगदे खोदले. तानसाचे पाणी मुंबईला आणणाऱ्या जलवाहिन्यांच्या कामातही त्यांच्या कंपनीचा वाटा होता. त्या अजस्र नळांचा मार्ग आमच्या कुर्ला-शीव भागातूनच जातो. पावसाळ्यात त्यांच्या आडोशाला उभे राहताना हे नळ कोणी टाकले असतील असा विचार आमच्या मनाला कधी शिवला नाही. १९२६ मध्ये स्थापन झालेली हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी ही त्यांचीच.

येथवरची कथा एखाद्या यशस्वी ठेकेदाराची झाली असती. ती तशी राहिली नाही, कारण १९१९ साली वालचंदांनी समुद्राकडे पाहिले. ग्वाल्हेरच्या महाराजांची लॉयल्टी नावाची आगबोट विक्रीला आहे, असे त्यांच्या कानावर आले. महायुद्धात ती जखमी सैनिकांसाठी इस्पितळ म्हणून वापरली गेली होती. नरोत्तम मोरारजी आणि इतर मातब्बर मंडळींना बरोबर घेऊन त्यांनी ती विकत घेतली आणि सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली. हिंदुस्थानचा सागरी व्यापार तेव्हा बलाढ्य ब्रिटिश कंपन्यांच्या मुठीत होता. त्यांनी भाड्याचे दर इतके खाली आणले की नव्या कंपनीचा जीव गुदमरावा. सिंधिया विकत घेण्याचाही प्रयत्न झाला. शेवटी १९२३ मध्ये काही जाचक अटी पत्करून कंपनीने तग धरला. ती पहिली आगबोट फार वर्षे चालली नाही, पण ५ एप्रिल हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो तो तिच्यामुळे.

या प्रकरणातून वालचंदांच्या मनावर एक गोष्ट कायमची कोरली गेली असावी. जहाज विकत घेता येते, पण ते बांधणारा दुसरा असेल तर दोरी त्याच्याच हातात राहते. म्हणून पुढच्या वीस वर्षांत त्यांनी जे जे हाती घेतले ते विकत घेण्याचे नव्हे, बांधण्याचे होते. नाशिक जिल्ह्यातल्या रावळगावच्या आणि पुणे जिल्ह्यातल्या कळंबच्या माळावर ऊस उभा राहिला, साखर कारखाने निघाले. विशाखापट्टणमला जहाजबांधणीची गोदी ठरली आणि जून १९४१ मध्ये डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तिची कोनशिला बसली. १९३९ मध्ये अमेरिकेहून परतताना विमानात विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी गाठ पडली, आणि त्या गाठीतून पुढच्याच वर्षी, १९४० च्या डिसेंबरात, म्हैसूर संस्थानच्या साह्याने बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली.

मोटारीचे स्वप्न मात्र या दोहोंपेक्षा जास्त छळणारे ठरले. मोटारी या देशात येत नव्हत्या असे नाही. आमच्या शेजारच्या शिवडीला जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ पासून मोटारी जोडण्याचा कारखाना चालवला होता. पण तेथे काय होई? पेटाऱ्यांत भरून आलेले भाग उलगडायचे, एकमेकांना जोडायचे, नटबोल्ट आवळायचे आणि गाडी बाहेर ढकलायची. एंजिनाचा ठोकळा येथे ओतला जात नसे, दात्यांची चाके येथे कातली जात नसत. स्वयंपाक परगावी करून डबा येथे उघडण्यासारखाच हा प्रकार. वालचंदांना चूल येथे पेटवायची होती.

सर विश्वेश्वरय्या यांनी १९३० नंतरच्या दशकात मोटार कारखान्याची योजना तयार केली होती. युरोप-अमेरिकेतले कारखाने त्यांनी त्यासाठी पाहिले होते. वालचंद या कामात त्यांचे साथी झाले. मुंबईच्या पहिल्या काँग्रेस मंत्रिमंडळाने सहानुभूती दाखवली, पण १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि तो आधार गेला. फोर्डशी बोलणे झाले, ते फिसकटले, कारण फोर्डचा हिंदुस्थानातला व्यवहार त्यांच्या कॅनडातल्या शाखेकडे होता आणि हातातली बाजारपेठ ती कशाला सोडील? शेवटी क्रायस्लर कंपनीशी करार जुळला. तेव्हा दिल्लीचे सरकार आडवे आले. युद्धकाळात मोटार कारखान्याला ना परकीय चलन मिळाले, ना सरकारी खरेदीची हमी. लष्कराला तर त्या वेळी हजारो गाड्या हव्या होत्या. पण त्या बाहेरून आणायच्या, येथे करायच्या नाहीत, असा तो न्याय होता.

दरम्यान बंगळूरचे विमान कारखान्याचे रोपटे १९४२ मध्ये सरकारने युद्धाच्या निकडीपोटी आपल्या ताब्यात घेतले. वालचंदांना मोबदला मिळाला, पण स्वप्न गेले. तरीही हा माणूस खचला नाही. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी नोंदवली गेली, कुर्ल्याला जागा झाली आणि १९४७ साली, देश स्वतंत्र होत असताना, क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जातीच्या गाड्या तेथून बाहेर पडू लागल्या. अर्थात आरंभी तीही जोडणीच होती. हळूहळू येथला माल वाढवत न्यायचा, हा त्यामागचा बेत. पुढच्याच वर्षी, मार्च १९४८ मध्ये, विशाखापट्टणमला जलउषा हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. वालचंदांच्या आयुष्यातला तो परमोच्च काळ म्हणावा लागेल.

त्यांच्याविषयी सारेच चांगले बोलत असे मात्र नाही. सरकारी कंत्राटांवर मोठा झालेला हा मनुष्य राष्ट्रीयत्वाच्या गोष्टी कशा करतो, असे हिणवणारे होते. एक काम पुरे होण्याआधी दुसऱ्याला हात घालतो, दुसऱ्यांच्या भांडवलावर उड्या मारतो, अशीही तक्रार असे. या टीकेत तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. बोगदे आणि बराकी यांतूनच त्यांचे पहिले भांडवल जमले, हे उघड आहे. पण तो पैसा त्यांनी पुन्हा सुरक्षित सावकारीत नेऊन ठेवला नाही. ज्या धंद्यांत बुडण्याची शक्यता तरण्याहून जास्त, अशाच धंद्यांत तो घातला. हिशेबाची वही नुसती पाहिली तर हा वेडेपणाच ठरेल.

१९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये त्यांनी कामातून अंग काढून घेतले. पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. विशाखापट्टणमची गोदी १९५२ मध्ये सरकारकडे गेली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे वालचंदांचे निधन झाले. आगबोटीचे आणि विमानाचे कारखाने त्यांच्या हयातीतच सरकारजमा झाले होते. मागे राहिला तो कुर्ल्याचा मोटार कारखाना.

आता योगायोग पाहा. वालचंद शेवटच्या आजारात होते त्याच मार्च महिन्यात, स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाच्या प्रदर्शनात इटलीच्या फियाट कंपनीने आपली नवी ११०० मोटार मांडली. ट्यूरिनच्या या कंपनीशी प्रीमियरचा संबंध नुकताच जुळला होता आणि तिची छोटी ५०० गाडी कुर्ल्यात जोडली जाऊ लागली होती. १९५३ मध्येच टॅरिफ कमिशनने असा सल्ला दिला की जे कारखाने गाडी येथे बनवतील त्यांनीच धंदा करावा, नुसती जोडणी नको. शिवडीची जनरल मोटर्स पुढल्या वर्षी गाशा गुंडाळून गेली. वालचंदांनी पंधरा वर्षे ज्यासाठी डोके आपटले ते आता सरकारी धोरण झाले होते. आणि १९५४ पासून ती नवी ११०० गाडी कुर्ल्यात होऊ लागली. वालचंदांचे नाव ज्या मोटारीने घराघरांत नेले, ती कुर्ल्याच्या फाटकातून बाहेर पडताना पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

या मोटारीचे कुळ मोठे नामांकित आहे. आपण तिला टॅक्सी म्हणूनच ओळखतो, म्हणून ते सांगितले पाहिजे. तिचे एंजिन दान्ते जाकोसा या तरुण इटालियन अभियंत्याच्या हाताखाली १९३७ मध्ये तयार झाले. चार सिलिंडर, १०८९ घनसेंटिमीटर, ताकद ३२ अश्वशक्ती. दिसायला साधे, पण घडण पक्की. अशा एंजिनाचा गुण हा की, त्याच्याकडून जास्त काम मागितले तर ते कुरकुरत नाही. स्टोव्हला पंप मारला की ज्योत वाढते, तसेच एंजिनाला हवा आणि पेट्रोल जास्त दिले, त्यांचे मिश्रण अधिक दाबले, की जोर वाढतो. मात्र स्टोव्ह मजबूत हवा, नाहीतर भडका उडायचा.

इटलीतल्या शर्यतवेड्या मंडळींनी हे लवकरच ओळखले. एन्झो फेरारी हे नाव आज जगातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. १९३९ मध्ये आल्फा रोमिओ सोडताना त्यांनी काही वर्षे आपल्या नावाने शर्यतीची गाडी काढायची नाही असे मान्य केले होते. तेव्हा १९४० साली त्यांनी नाव न लावता एक गाडी केली. तिला नुसते ८१५ म्हणत. आठ सिलिंडरच्या त्या एंजिनावर फियाट ११०० ची दोन डोकी एकापुढे एक बसवली होती आणि सांगाडाही त्याच फियाटवरून घेतला होता. म्हणजे फेरारींची स्वतःची म्हणता येईल अशी पहिली मोटार ही आपल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या घराण्यातली! त्या वर्षीच्या ब्रेशियाच्या शर्यतीत तशा दोन गाड्या उतरल्या. शेवटपर्यंत पोहोचली एकही नाही, पण मोडण्याआधी त्या आपल्या गटात पुढे होत्या.

महायुद्धानंतर पिएरो दुझिओ या धनिकाने चिसितालिया नावाच्या शर्यतीच्या गाड्या काढल्या. त्यांतही मूळ एंजिन फियाट ११०० चेच, जोर वाढवलेले. १९४७ च्या मिल्ले मिलिया या हजार मैलांच्या शर्यतीत ताझिओ नुव्होलारी हा पन्नाशी उलटलेला, आजारी शर्यतपटू अशीच एक उघडी, लहानशी चिसितालिया घेऊन उतरला. जवळजवळ तिप्पट मोठ्या एंजिनाच्या आल्फा रोमिओला मागे टाकून तो कितीतरी वेळ पुढे होता. शेवटी धो धो पावसाने घात केला. ठिणगी पाडणाऱ्या यंत्रात पाणी शिरले आणि तो दुसरा आला. मुंबईच्या पावसाळ्यात परळ-हिंदमातेच्या पाण्यात बंद पडलेली फियाट ज्यांनी ढकलली असेल त्यांना नुव्होलारीचे दुःख समजावून सांगायला नको. याच चिसितालियाची पिनिनफारिनाने घडवलेली बंद टपाची आवृत्ती न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने कलाकृती म्हणून जपून ठेवली आहे. फियाटनेही १९५३ मध्येच आपल्या ११०० ची सुमारे पन्नास अश्वशक्तीची चपळ आवृत्ती काढली आणि पुढे तिच्यावर दोन जणांची उघड्या टपाची गाडीही केली.

कुर्ल्यातही ही मोटार मन लावून केली गेली. वर्षागणिक येथले भाग वाढले, परदेशी भाग घटले. १९६४ मध्ये डिलाइट आली. फियाटशी केलेल्या परवान्याची मुदत संपल्यावर १९७३ च्या सुमारास तिला प्रीमियर प्रेसिडेंट म्हटले गेले आणि १९७४ मध्ये चितोडच्या राणीवरून पद्मिनी हे नाव मिळाले. आता ती नखशिखांत या देशाची झाली होती. ओतकाम येथले, कातकाम येथले, रंग येथला. कुर्ला, शीव, चेंबूर भागातल्या किती घरांत त्या कारखान्याच्या पगारावर चुली पेटल्या असतील! परिसरातल्या लहान-मोठ्या वर्कशॉपांनी सुटे भाग करायचे शिकून घेतले. चूल येथे पेटवायची हा वालचंदांचा हट्ट पुरा झाला.

पण एवढ्यावरच सारे थांबले. इटलीत ११०० चे उत्पादन १९६९ च्या सुमारास संपले. जाकोसांनी तोवर पुढच्या चाकांना जोर देणारी अगदी निराळी १२८ गाडी केली होती. आपल्याकडे मात्र १९३७ च्या मापाचे तेच १०८९ घनसेंटिमीटरचे एंजिन आणि चाळीसच्या आसपास अश्वशक्ती हे विसावे शतक संपेपर्यंत चालू राहिले. याला कारणे होती. किती गाड्या काढायच्या याचा परवाना सरकारचा, नवे यंत्र आणायचे तर परकीय चलन सरकारचे, आणि एका काळी किंमतही सरकारी नियंत्रणातली. पण सारा दोष परवान्यांवर टाकून चालणार नाही. गाडीसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. नोंदणीची पावती घरात जपून ठेवत, मुलीच्या लग्नापर्यंत तरी नंबर लागेल म्हणत. गिऱ्हाईक दाराशी रांग लावून उभे असताना माल सुधारण्याची घाई कोणाला असते? डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली आणि ही रांग मोडली. मग कुर्ल्यात धावपळ सुरू झाली. १९८५ मध्ये जपानी निसान एंजिनाची ११८ एनई निघाली, नव्वदच्या दशकात पद्मिनीला इटालियन डिझेल एंजिन आले, शेवटच्या आवृत्तीत सुकाणूजवळचा गिअरचा दांडा खाली आला. हे सारे वीस वर्षे आधी व्हायला हवे होते. २००१ च्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन कायमचे बंद झाले.

कारखान्याने जे केले नाही ते कोणी केले? ते रस्त्याकडेच्या मिस्त्रींनी केले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्या शीवमध्ये झाडाखाली, भिंतीच्या आडोशाला, ताडपत्रीच्या छपराखाली फियाटचे दवाखाने असत. फाळणीनंतर शीव कोळीवाड्याला वसलेले पंजाबी, उत्तरेकडून आलेले भय्ये, कोकणातून आलेले आमचे लोक असा तो सर्वजातीय कारभार. कोणी जुन्या डायनामोच्या जागी अल्टरनेटर बसवी, कोणी पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक ठिणगीचा डबा लावी. कोणी सिलिंडरचे बोअरिंग करून जाडे पिस्टन टाकी, कार्बोरेटर बदली, तर कोणी खालच्या गिअरची सोय करून देई. हौशी श्रीमंतांची पोरे अशाच फियाटना दोन दोन कार्बोरेटर लावून मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यतींना नेत. इटलीत फेरारी आणि दुझिओ यांनी जे केले त्याच जातीचे हे काम. फरक इतकाच, की तेथे अशा खटपटीतून नवे कारखाने निघाले आणि त्यांचे शहाणपण मूळ कारखान्यातही पोहोचले. येथे मिस्त्रीचे शहाणपण झाडाखालीच राहिले. काळ्या हातांच्या त्या माणसाला कुर्ल्याच्या फाटकातून आत बोलावून, तू गाडीत काय बदलतोस आणि का, असे कोणी विचारले असते तर?

पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशाने जुन्या टॅक्सींना गॅसवर चालवायचे ठरले तेव्हाही हेच झाले. १९३७ च्या एंजिनाने एकविसाव्या शतकातला सीएनजी निमूटपणे पचवला. डिकीत गॅसची टाकी बसली आणि सामान टपावरच्या कॅरिअरवर गेले. वळकट्या, पेट्या, गणपती, नवरानवरीचे पाट, सारे त्या टपावरून गेले. जाकोसांच्या घडणीची आणि आपल्या मिस्त्रींच्या हिकमतीची याहून मोठी परीक्षा कोणती? शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांचे आयुष्य ठरलेले, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून उतरली. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी तिचे मृत्युलेख छापले. त्यांत पुष्कळ हळहळ होती, वालचंदांचे नाव मात्र क्वचितच होते.

कुर्ल्याला कारखान्याच्या जमिनीवर आता उंच इमारती उभ्या आहेत. प्रीमियर हे नाव तेथल्या रस्त्याला तेवढे उरले आहे. बंगळूरचा विमान कारखाना मात्र हिंदुस्तान एरोनॉटिक्स या नावाने वाढला, विशाखापट्टणमच्या गोदीत अजून जहाजे होतात. सरकारने घेतलेली दोन स्वप्ने जगली आणि घराण्याकडे राहिलेले तिसरे मावळले, असा सोपा हिशेब कोणी मांडील. मला तो पटत नाही. त्या दोहोंना देशाच्या संरक्षणाचे छत्र होते, मोटारीला गिऱ्हाइकाच्या पसंतीवर जगायचे होते. गिऱ्हाइकाला निवड नव्हती तोवर ती जगली. निवड आली आणि तिला पळता आले नाही, कारण पळण्याचा सराव कोणी करवून घेतला नव्हता.

वालचंदांच्या आयुष्याकडे पाहताना मला वाटते, की त्यांनी लढाईचा अवघड अर्धा भाग जिंकून दिला. जे यंत्र परदेशी आहे ते आपल्या हातांनी करता येते, हे त्यांनी दाखवले. तेही अशा काळात, जेव्हा नुसते तसे म्हणणेही उद्धटपणाचे समजले जाई. दुसरा अर्धा भाग उरला. जे करायला शिकलो ते दरवर्षी थोडे अधिक चांगले करायचे, कोणी मागितले नाही तरी करायचे, हा तो भाग. सोलापूरच्या पेढीवर समाधान न मानणारा हा माणूस आणखी वीस वर्षे जगता तर एका गाडीवर पन्नास वर्षे समाधान मानून बसला असता काय? त्याच्या स्वभावाकडे पाहता मला ते शक्य वाटत नाही.

आज विजेच्या मोटारींचे दिवस आले आहेत. त्यांच्या बॅटऱ्या कोठून येतात, कोणते भाग येथे होतात आणि कोणते पेटाऱ्यांतून येतात, हे प्रश्न पुन्हा नव्याने विचारले जात आहेत. शिवडीच्या जोडणी कारखान्याच्या वेळी वालचंदांनी विचारलेला प्रश्न तोच होता. तरुणांनी तो जरूर विचारावा. मात्र उत्तर मिळाल्यावर तेथे थांबू नये, आणि झाडाखालच्या मिस्त्रीलाही त्याचे मत विचारावे.